निवृत्तीनंतरची कारागृहसेवा: कायदा शिकवलेल्यांनी काय न्यावं, काय दाराबाहेर ठेवावं

कायदा शिकवण्याची नोकरी संपली की बहुतेक जण वकिलीची सनद पुन्हा सुरू करून कोर्टात उभे राहतात, नाहीतर लवादाची आणि सल्ल्याची कामं घेतात. मी कॅथलिक चर्चच्या कारागृहसेवेचा, म्हणजे तुरुंगातल्या बंद्यांना भेटून त्यांच्याबरोबर प्रार्थना करण्याचा, रस्ता धरला. फौजदारी कायदा शिकवलेल्या माणसाला उतारवयात हे बोलावणं आलं, तर पुढे काय काय करावं लागतं, आत गेल्यावर काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, ते इथे लिहिते आहे. वसई, मुंबई, पुणे, नाशिक इथल्या धर्मग्रामांतून (पॅरिशमधून) विचारणा होते, म्हणून सगळे तपशील महाराष्ट्रातले आहेत.

या सेवेत कोणी आपल्या मनाने जात नाही, धर्मप्रांत, म्हणजे बिशपांच्या हाताखालचा विभाग, पाठवतो. भारतात हे काम प्रिझन मिनिस्ट्री इंडिया या नावाने चालतं. १९८१ मध्ये केरळात, कोट्टायमजवळच्या वडवातूर सेमिनरीत शिकणाऱ्या तरुणांनी ते सुरू केलं आणि पुढे भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने त्याला राष्ट्रीय पातळीवर मान्यता दिली. ऑशविट्झच्या छळछावणीत १९४१ साली दुसऱ्या कैद्याच्या जागी स्वतः मरण पत्करणारे फ्रान्सिस्कन धर्मगुरू संत मॅक्सिमिलियन कोल्बे हे या सेवेचे आश्रयदाते. त्यांचा सण १४ ऑगस्टला असतो. भारतात ऑगस्टचा दुसरा रविवार कारागृहसेवेचा रविवार म्हणून पाळतात आणि नवे स्वयंसेवक सहसा त्याच सुमारास नावं देतात. पहिली भेट आपल्या धर्मग्रामाच्या फादरांची घ्यायची. ते चिठ्ठी देतात आणि आपण धर्मप्रांताच्या समन्वयकांकडे जातो. समन्वयक पदव्या फारशा विचारत नाहीत. घरच्यांची संमती आहे का, दर पंधरवड्याला ठरल्या दिवशी येता येईल का, आणि कोणी खोटं बोललं तर राग येतो का, हे मात्र विचारतात. तिसरा प्रश्न कायद्याच्या माणसाला नीट विचार करून सोडवावा लागतो, कारण आमचा सगळा व्यवसाय साक्ष खरी की खोटी हे ठरवण्यावर उभा असतो.

कोणी काय करायचं याच्या हद्दी चर्चच्या कायद्याने आखून दिल्या आहेत. मिस्सा (चर्चची मुख्य उपासना) आणि पापनिवेदन ऐकणं ही धर्मगुरूंची कामं. विवाहित पुरुषाला कायमस्वरूपी डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक, होता येतं. त्यासाठी वय किमान ३५ आणि पत्नीची संमती लागते, तयारी काही वर्षांची असते. डीकन प्रवचन देऊ शकतो, ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत पवित्र केलेली भाकर) देऊ शकतो, पण पापक्षमा देऊ शकत नाही. प्रापंचिकांना, म्हणजे दीक्षा न घेतलेल्या सामान्य श्रद्धावंतांना, शब्दविधी (बायबल वाचनाची उपासना) चालवता येतो, प्रार्थना घेता येते, आणि रीतसर नेमणूक असेल तर ख्रिस्तप्रसादही नेता येतो. या सेवेसाठी डीकन व्हायलाच हवं, असा समज निवृत्त पुरुषांत बराच आहे. तो चुकीचा आहे. जास्तीत जास्त काम प्रापंचिक आणि धर्मभगिनी करतात, आणि महिला विभागात तर बायकांचीच गरज असते.

परवानगीला वेळ लागतो. अर्ज संस्थेच्या नावाने जातो आणि आत जाणाऱ्यांची यादी त्याला जोडलेली असते. नाव आधार कार्डावर जसं आहे तसंच यादीत लिहायचं. वसईत ही अडचण फार येते, कारण बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि आधारवर आडनावाचं तिसरंच स्पेलिंग. दारावरचा शिपाई यादी आणि ओळखपत्र शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवतो. जुळलं नाही तर परत पाठवतो, आणि त्याचं बरोबरच असतं. फोटो, ओळखपत्राच्या प्रती, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी आणि धर्मप्रांताचं पत्र एवढं तयार ठेवावं. अर्ज अधीक्षकांकडे द्यायचा. विषय राज्यभराचा असेल तर तो पुण्याला कारागृह व सुधारसेवा विभागाच्या मुख्यालयात जातो. परवानगीला मुदत असते. ती संपायच्या दोन-तीन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज टाकला नाही तर मध्ये खंड पडतो, आणि आतल्या माणसांना तो खंड टाकून दिल्यासारखा वाटतो. अधीक्षक बदलले की नव्या साहेबांना भेटून जुनं परवानगीपत्र दाखवून यावं, कोणी बोलावण्याची वाट पाहू नये.

दारावर मोबाइल, रोकड, स्मार्ट घड्याळ, पेनड्राइव्ह, औषधं सगळं बाहेर ठेवायचं. स्वतःची औषधं जवळ लागत असतील तर ती आधीच लेखी कळवायची. आपल्या वयात ही गोष्ट महत्त्वाची आहे. मधुमेह असलेल्याने खाऊन जावं, कारण आत गेल्यावर बाहेर कधी येऊ हे आपल्या हातात नसतं. बंद्यांची गणती जुळली नाही की सगळं जागच्या जागी थांबतं. मनाई असलेली वस्तू आत नेणं हा १८९४ च्या कारागृह कायद्यापासून गुन्हा आहे, कलम ४२. त्याच कलमात नियमाबाहेर बंद्याशी संपर्क साधणंही येतं, आणि हा अर्धा भाग लोक विसरतात. बंद्याने दिलेली चिठ्ठी बाहेर नेणं, 'घरी एवढा फोन कराल का मावशी' म्हणून दिलेला नंबर हातावर लिहून घेणं, हे सगळं त्यात मोडतं. बंद्याला नंबर द्यायचाच असेल तर तो कारागृहाच्या अधिकाऱ्यामार्फत घ्यायचा. आजारी माणसाची गरजही डॉक्टर, अधिकारी, वेळ पडली तर न्यायालय यांच्यामार्फतच भागवायची. तळोजा कारागृहात फादर स्टॅन स्वामींना पार्किन्सनमुळे पेला धरता येत नव्हता. २०२० च्या नोव्हेंबरात स्ट्रॉ आणि सिपरसाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. बाहेरून येणाऱ्याने असली वस्तू पिशवीत घालून नेली, तर बंद्याची अडचण सुटत नाही आणि पूर्ण गटाची परवानगी जाते.

ख्रिस्तप्रसादाच्या डबीबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवं. झडती घेणारा शिपाई दर वेळी तोच नसतो. हातात मावणारी, झाकणाची धातूची डबी दिसली की तो ती उघडणार, आत बोट घालून पाहणार. यात त्याचा दोष नाही. म्हणून आदल्या दिवशी तुरुंगाधिकाऱ्यांना सांगून ठेवायचं, वस्तूंच्या यादीत 'प्रार्थनेचा प्रसाद, एक डबी' असं मराठीत लिहायचं, आणि दारावर डबी स्वतःच्या हाताने उघडून त्याच्यासमोर धरायची. किती जणांसाठी आहे ते सांगायचं. बहुतेक शिपाई नुसतं पाहून मान हलवतात, काही जण चप्पल काढून उभे राहतात. मिस्सा असेल तेव्हा द्राक्षारसाची बाटली हा मोठा प्रश्न असतो. त्यासाठी वेगळी लेखी परवानगी हवी. तोंडी 'चालेल' यावर जाऊ नये. द्राक्षारस मोजका, एका मिस्सेपुरता न्यावा आणि उरलेला थेंबही आत राहू देऊ नये. काचेची भांडी टाळावीत.

आत गेल्यावर पहिले काही महिने कायदा तोंडातून निघता कामा नये. शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे फार जड जातं, पण याला दुसरा उपाय नाही. आपण कलमं सांगू लागलो की प्रार्थनेला बसलेले लोक कागद काढून रांग लावतात आणि त्या दिवसापासून आपण त्यांच्या लेखी फुकटातले वकील होतो. मग ज्याचा खटला संपला, ज्याच्यापाशी विचारण्यासारखं काही उरलेलं नाही, तो जन्मठेपेचा माणूस मागे भिंतीला टेकून बसतो आणि पुढच्या वेळी येत नाही. खरं तर त्याच्यासाठीच आपण गेलेलो असतो. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या २५ व्या अध्यायात येशू तुरुंगातल्या माणसाला भेटायला येण्याबद्दल बोलतो. त्याला सोडवून आणण्याबद्दल तिथे एक शब्दही नाही. मी या सेवेचा पाया तो मानते.

भेटीचा क्रम साधा ठेवावा. सुरुवातीला एक-दोन गाणी, टाळ्यांच्या ठेक्यावरची, कारण पेटी-ढोलकी नेण्याची परवानगी दर वेळी मिळतेच असं नाही. मग शुभवर्तमानातला छोटा उतारा, त्यावर पाच-सात मिनिटं बोलणं, मग मोकळी प्रार्थना, ज्यात त्यांनी आपल्या घरच्यांची नावं घ्यायची. उरलेला वेळ ऐकण्यासाठी. येणाऱ्यांत हिंदू, मुसलमान, बौद्ध सगळे असतात आणि त्यांचं स्वागत सारखंच. धर्मांतर हा विषय कुठल्याही स्वरूपात काढायचा नाही. कोणी स्वतःहून विचारलं तरी 'बाहेर आल्यावर, घरच्यांशी बोलून' एवढंच उत्तर द्यायचं, कारण कोठडीतल्या माणसाचा होकार मोकळा आहे की नाही हे कोणालाच, त्यालाही, ठरवता येत नाही. ख्रिस्तप्रसाद मात्र कॅथलिकांनाच. इतरांना डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यावा, कोणी नाराज होत नाही.

गुन्हा काय, हे विचारायचं नाही. पुढची गोष्ट कायद्याच्या शिक्षकाने सगळ्या गटाला शिकवायलाच हवी. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ चं संरक्षण आहे. पापनिवेदनाची गुप्तता चर्चच्या कायद्यात अभंग आहे, कॅनन ९८३. प्रापंचिक स्वयंसेवकाकडे यातलं काहीच नाही. न्यायाधीन बंद्याने भरल्या गळ्याने आपल्याजवळ घडलेलं सगळं सांगितलं, तर उद्या आपल्याला साक्षीला बोलावता येतं आणि तिथे खरंच सांगावं लागतं. म्हणून कोणी त्या वाटेने बोलू लागला की हात वर करून थांबवायचं: 'दादा, मनातलं सांगा, पण त्या दिवशी काय झालं ते मला सांगू नका. ते वकिलाला सांगा, नाहीतर फादरांना पापनिवेदनात सांगा.' पहिल्यांदा तो दुखावतो. कारण समजावलं की समजतो. फादरांच्या पापनिवेदनासाठी शिपाई दिसेल एवढ्या अंतरावर पण ऐकू येणार नाही असा उभा राहावा, अशी विनंती आधीच करून ठेवावी. वकिलांच्या भेटीला हीच पद्धत असते, त्यामुळे अधिकाऱ्यांना ती पटते.

सनद चालू असली तरी आत भेटलेल्या बंद्याचं वकीलपत्र घ्यायचं नाही. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे काम मागत फिरणं निषिद्ध आहेच. शिवाय एकाचं घेतलं की बाकीच्यांसाठी आपण 'त्याचे वकील' होतो.

मग कायद्याचा उपयोग काय? तो प्रार्थनेच्या वेळेबाहेर, वेगळ्या दिवशी, कारागृहातल्या विधी सेवा कक्षाच्या मदतीने करायचा. कोठडीतल्या प्रत्येक माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ ने दिला आहे, उत्पन्नाची अट न घालता. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक म्हणून रीतसर नाव नोंदवलं तर कागद पाहायला अधिकृत वाट मिळते. एका बंद्यासाठी एक कार्ड करावं: पूर्ण नाव वडिलांच्या नावासह, पोलीस ठाणं आणि गुन्हा क्रमांक, कलमं, अटकेची तारीख, आरोपपत्राची तारीख, न्यायालय आणि सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक (न्यायालयाने प्रत्येक खटल्याला दिलेला स्वतंत्र क्रमांक), पुढची तारीख, वकिलाचं नाव, आणि दुसरा कुठला खटला आहे का. शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची, कारण बंदी ती सांगत नाहीत. कधी लपवतात, पण बहुतेकदा त्यांना ती माहीतच नसते.

अटक आणि आरोपपत्र या दोन तारखा शेजारी ठेवल्या की ६० किंवा ९० दिवसांची मुदत पाळली गेली का ते लगेच दिसतं. आरोपपत्र वेळेत आलं नसेल तर जामिनाचा हक्क मिळतो, पण आरोपपत्र दाखल होण्याआधी तो मागावा लागतो. मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश आणि इतरांनी निम्मा काळ कोठडीत काढला की जामिनावर सुटका. राहत्या घरातल्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली कमाल सात वर्षं आहेत. म्हणजे पहिल्यांदाच सापडलेल्याला दोन वर्षं चार महिने, इतरांना साडेतीन वर्षं. मृत्युदंड किंवा जन्मठेप होऊ शकणाऱ्या गुन्ह्यांना हे लागू नाही. आरोपीमुळे झालेला उशीर या काळातून वजा होतो. हिशेब इथवर सोपा आहे. अडतं ते पोटकलम २ पाशी: एकाहून जास्त खटले प्रलंबित असतील तर या कलमाखाली सुटका नाही. किरकोळ चोऱ्यांत पकडलेल्या गरीब पोराच्या नावावर नेमके तीन-चार खटले असतात, आणि ज्यांच्यासाठी हे कलम वाचताना आशा वाटते तेच त्यातून गळतात. त्यांच्यासाठी प्रत्येक खटल्यात वेगळा जामीन अर्ज हाच मार्ग. अर्ज करण्याची जबाबदारी पोटकलम ३ ने अधीक्षकांवर टाकली आहे, आणि १ जुलै २०२४ च्या, म्हणजे ही संहिता लागू होण्याच्या, आधीच्या गुन्ह्यांतल्या बंद्यांनाही हे कलम लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. आपण फक्त कार्डावरच्या तारखा भरून यादी कक्षात द्यायची. यादी नीटनेटकी, टाइप केलेली असेल तर ती पुढे सरकते.

माझ्या मते कायद्याच्या शिक्षकाची खरी गरज जामिनाचा आदेश झाल्यानंतर लागते. वर्गात आपण जामीन मिळाला की प्रकरण संपवतो. आत मात्र जामीन मिळूनही महिनोन्‌महिने बसलेली माणसं भेटतात. जामीनदार लागतो, जामीनदाराला रेशन कार्ड, पगारपत्रक किंवा घरपट्टीची पावती, कधी तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला लागतो. मुंबईत बांधकामावर आलेल्या बिहारच्या पोराला असा माणूस कुठून मिळणार? मोतीराम खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७८ सालीच दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार नाकारण्यावर कोरडे ओढले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांप्रमाणे सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिनाभरात जातमुचलका-जामीन भरला गेला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. कार्डावर जामिनाच्या आदेशाची तारीख ठळक लिहून ठेवली तर आठव्या दिवशी विचारता येतं.

गरीब बंद्यांसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची २०२३ ची योजना आहे. मूळ मर्यादा जामिनासाठी ४०,००० रुपये आणि शिक्षा भोगून फक्त दंडापायी अडकलेल्यांसाठी २५,००० रुपये. अमली पदार्थ, मनी लाँडरिंग, भ्रष्टाचार आणि यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखालचे बंदी त्यात बसत नाहीत. हे पैसे बऱ्याचदा का अडतात ते समजून घ्यावं: आदेशात 'जामीनदार द्यावा' एवढंच लिहिलं असेल तर रोख रक्कम भरायला जागाच नसते. आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९० खाली जामिनाऐवजी रोख अनामत भरू द्यावी असा अर्ज वकिलामार्फत करून आदेश बदलून घ्यावा लागतो, मग योजनेच्या समितीकडे जावं. क्रम उलटा झाला की फाइल परत येते.

सुटकेचा आदेश निघाल्यावरही नावातली वेलांटी, गुन्हा क्रमांकातलं वर्ष, सुटलेलं एखादं कलम यावर अडू शकतं. म्हणून आदेश कोर्टातून हलण्याआधी कार्ड शेजारी धरून तो वाचून घ्यायला नेमलेल्या वकिलाला सांगावं. दुसऱ्या खटल्याचं वॉरंट बाकी असेल तर दारातूनच परत आत.

बाहेर पडणाऱ्याच्या पहिल्या रात्रीची सोय आधी ठरवावी. सुटका संध्याकाळी उशिरा होते, हातात जुना फोन असला तर बॅटरी मेलेली. गावाचं तिकीट, जेवण, चप्पल आणि घरच्यांना एक फोन एवढं गटाने करावं. रोख पैसे हातात देऊ नयेत, तिकीट काढून द्यावं. बाईबरोबर मूल असेल तर त्याचे कपडे न्यावेत. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ आत राहू शकतं आणि बाहेरचा रस्ता त्याने कधी पाहिलेला नसतो.

नेहमी जोडीने जावं. क्षयाचा धोका खरा आहे, म्हणून मोकळ्या हवेत बसवावं आणि वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी. गुडघे दुखत असतील तर खुर्चीची परवानगी आधी मागावी, आतले लोक जमिनीवर बसवून घ्यायला संकोचतात. आपल्याला जाणं जमेनासं झालं तर पुढच्याला आत एकदा सोबत घेऊन जाऊन ओळख करून द्यावी आणि कार्डांचा गठ्ठा विधी सेवा कक्षात जमा करावा, घरी ठेवू नये. त्यात लोकांची नावं आणि कलमं असतात.

नाताळच्या मिस्सेचा आणि गाण्यांच्या कार्यक्रमाचा अर्ज ऑक्टोबरातच द्यावा. गायकांची, वाद्यांची आणि केकची यादी त्यालाच जोडावी. केक किती किलो, कुठल्या बेकरीतून, कोणासमोर कापून वाटणार हेही लिहावं. आयत्या वेळी एक नाव वाढवायचं म्हटलं तरी ओळखपत्र आणि पडताळणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते, म्हणून बदली गायकांची दोन नावं सुरुवातीलाच घालून ठेवावीत.